ट्रंक कॉलची ऑपरेटर आणि एसएसएचचा जंप होस्ट

नव्या नोकरीचा पहिला आठवडा. ईमेलमध्ये येतं: सर्व्हरचा पत्ता १०.२०.३.१५, तुमचं युजरनेम अमुक-अमुक. घरी येऊन लॅपटॉप उघडता, टर्मिनलमध्ये एसएसएच (दूरच्या मशीनवर सुरक्षितपणे लॉगिन करायचा प्रोग्रॅम) लिहून तो पत्ता टाकता, एंटर दाबता आणि कर्सर लुकलुकत बसतो. एक मिनिट, दोन मिनिटं. शेवटी ‘कनेक्शन टाइम्ड आउट’. पासवर्ड चुकला असता तर निदान नकार तरी आला असता. इथे पलीकडे कुणी आहे की नाही हेच कळत नाही.

यात तुमचं काही चुकलेलं नाही. १० ने सुरू होणारे सगळे पत्ते खाजगी वापरासाठी राखून ठेवलेत. १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतचे आणि १९२.१६८ ने सुरू होणारे पत्तेही त्यातलेच. आरएफसी १९१८ नावाच्या दस्तऐवजाने १९९६ साली ही वाटणी पक्की केली. घरच्या वायफायने तुमच्या मोबाइलला दिलेला पत्ताही बहुधा याच कुळातला असतो. ‘माजघरातल्या फडताळात ठेवलंय’ हे घरातल्या माणसाला बरोबर कळतं, पण पोस्टमनला त्याचा काय उपयोग? तसाच हा पत्ता. कंपनीच्या नेटवर्कमध्ये असाल तर अचूक, बाहेर असाल तर निरर्थक.

मग सर्व्हरला सरळ सार्वजनिक पत्ता का देत नाहीत? एकदा देऊन बघा. नवी मशीन, पोर्ट २२ म्हणजे एसएसएचचं ठरलेलं दार जगाला उघडा, आणि थोड्या वेळाने लॉग उघडा. तुम्ही कुणालाही पत्ता सांगितलेला नसतो, तरी ‘इनव्हॅलिड युजर अॅडमिन’, ‘इनव्हॅलिड युजर टेस्ट’, ‘इनव्हॅलिड युजर ओरॅकल’ अशा ओळींची रांग लागलेली असते. माणसं नसतात ती. दारोदार कड्या वाजवत फिरणारे प्रोग्रॅम असतात. चाळीस सर्व्हर असतील तर चाळीस दारांवर पहारा ठेवायचा, की चाळीसही दारं आतल्या अंगणात ठेवून बाहेर एकच दार काढायचं आणि तिथे पक्का पहारा बसवायचा? दुसरा मार्ग शहाणपणाचा, आणि जवळपास सगळीकडे तोच वापरतात.

बाहेरच्या या एकुलत्या एक दाराला जंप होस्ट, जंप बॉक्स, गेटवे, बॅस्टियन अशी नावं आहेत. बॅस्टियन म्हणजे बुरूज. हे नाव मला कधीच पटलं नाही. बुरूज तोफा चढवायला आणि लांबवर नजर ठेवायला असतो, बुरुजातून कुणी गडात येत नाही. हे काम देवडीचं आहे. महादरवाजातून आत शिरल्याबरोबर पहारेकऱ्यांच्या बसायच्या जागा असतात ना, त्या. आमच्याकडच्या मशीनचं नाव ठेवायची पाळी माझ्यावर आली तेव्हा मी ‘देवडी’च ठेवलं, आणि या लेखातही तेच वापरतो.

तर देवडीतून आत जायचं कसं? सुरुवातीला सगळे करतात तेच मीही करायचो. आधी लॅपटॉपवरून देवडीवर लॉगिन, मग देवडीच्या टर्मिनलवरून पुन्हा एसएसएच करून आतल्या सर्व्हरवर. चालतं. पण एसएसएचमध्ये किल्ल्यांची जोडी असते. सार्वजनिक किल्ली सर्व्हरवर ठेवायची, खाजगी किल्ली फक्त आपल्याजवळ. देवडीवर उतरून पुढे जायचं तर खाजगी किल्ली देवडीवर हवी. मी ती तिथे कॉपी केली. फाइलची परवानगी ६०० ठेवली, म्हणजे माझ्याशिवाय कुणी वाचू नये, आणि निर्धास्त झालो. पुढचे सात-आठ महिने ती तिथेच होती. त्या मशीनवर रूट, म्हणजे सर्वोच्च, अधिकार असलेली पाच माणसं होती, आणि रूटला ६०० वगैरे काही लागू होत नाही. शिवाय रोज रात्री बॅकअप व्हायचा, म्हणजे माझ्या किल्लीच्या प्रती आणखी कुठेतरी साठत होत्या. आमच्या सिनियर मॅडम एकदा डिस्क का भरली ते बघत होत्या, त्यांना ती फाइल दिसली. रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “घराची किल्ली वॉचमनकडे देऊन ऑफिसला येतोस का रे?” ती संध्याकाळ नवी जोडी बनवण्यात आणि सगळ्या सर्व्हरवरून जुनी किल्ली खरवडून काढण्यात गेली.

या पद्धतीत आणखी एक दोष आहे, आणि तो किल्लीपेक्षा मोठा. तुम्ही जे टाइप करता ते लॅपटॉपपासून देवडीपर्यंत कुलूपबंद जातं, देवडीवर उघडतं, आणि तिथून पुढे दुसऱ्या कुलपात बंद होऊन जातं. मध्ये, देवडीच्या मेमरीत, सगळं उघडं. आतल्या सर्व्हरवर तुम्ही सुडोचा (रूटच्या अधिकाराने आज्ञा चालवण्यासाठीचा) पासवर्ड टाकलात तर तो देवडीवर वाचता येतो. देवडी कुणाच्या ताब्यात गेली, तर तिच्यातून जाणारं सगळंच गेलं.

आता जुना ट्रंक कॉल आठवा. एसटीडी येण्याआधी परगावी फोन लावायचा तर एक्स्चेंजला सांगून कॉल बुक करावा लागे. ऑर्डिनरी, अर्जंट की लाइटनिंग ते सांगायचं आणि फोनजवळ बसून राहायचं. कधीतरी घंटी वाजे, ऑपरेटर म्हणे, “नागपूर घ्या, बोला.” ऑपरेटर तुमच्या वतीने नागपूरशी बोलत नसे. ती फक्त दोन तारा जोडून देई आणि बाजूला होई. बोलणं तुमचं आणि नागपूरच्या मावशीचं. मनात आणलं तर ती ऐकू शकायची, हे खरं. पण समजा तुम्ही आणि मावशी अशा गुप्त भाषेत बोलत असाल की ती तुम्हा दोघांखेरीज कुणालाच येत नाही, तर ऑपरेटरच्या कानावर नुसती खरखर.

माझी जुनी पद्धत म्हणजे ऑपरेटरलाच निरोप सांगायचा, ‘मावशीला म्हणावं अमुक झालं’, आणि तिने तो पुढे सांगायचा. एसएसएचचा बोगदा म्हणजे तिच्याकडून फक्त तार जोडून घ्यायची आणि गुप्त भाषेत थेट मावशीशी बोलायचं. मधल्या मशीनवर विश्वास किती ठेवावा लागतो, याचा सगळा फरक इथे पडतो.

प्रत्यक्षात हे घडतं कसं ते सावकाश बघू. लॅपटॉप आधी देवडीशी नेहमीसारखं एसएसएच कनेक्शन करतो, ओळख पटवतो. आता या एका कनेक्शनमध्ये अनेक स्वतंत्र वाहिन्या चालवता येतात, एसएसएचच्या भाषेत चॅनेल. तुम्हाला दिसणारं टर्मिनल हाही एक चॅनेलच. २००६ च्या आरएफसी ४२५४ मध्ये आणखी एका प्रकारच्या चॅनेलचं वर्णन आहे, त्याचं नाव ‘डायरेक्ट-टीसीपीआयपी’. लॅपटॉप देवडीला म्हणतो: टर्मिनल नको, १०.२०.३.१५ च्या पोर्ट २२ ला एक साधं टीसीपी कनेक्शन लावून दे, आणि मी या चॅनेलमध्ये जे टाकीन ते जसंच्या तसं तिकडे ढकल, तिकडून येईल ते इकडे. देवडी आतल्या नेटवर्कमध्ये असल्यामुळे तिला तो पत्ता सापडतो. ती तार जोडते. झालं, तिचं काम संपलं.

मग या तयार झालेल्या नळीतून लॅपटॉप आतल्या सर्व्हरशी अगदी पहिल्यापासून नवं एसएसएच सुरू करतो. नव्याने किल्ल्यांची देवाणघेवाण, नवं कुलूप, नव्याने ओळख. हे दुसरं कुलूप लॅपटॉपवर लागतं आणि थेट आतल्या सर्व्हरवर उघडतं. देवडी पहिलं कुलूप उघडते तेव्हा तिच्या हाती मजकूर येत नाही, दुसऱ्या कुलपात बंद पुडकं येतं, आणि त्याची किल्ली तिच्याकडे नसते. तुमची खाजगी किल्ली लॅपटॉपवरून हललेलीच नसते.

देवडीला काहीच कळत नाही असंही नाही. कोण आलं, किती वाजता आलं, कुठल्या पत्त्यावर गेलं आणि किती बाइट्स गेल्या हे तिला दिसतं. पुडकी किती-किती वेळाने जातात तेही दिसतं. तुम्हाला वाटेल त्यात काय एवढं! पण टर्मिनलमध्ये प्रत्येक अक्षर दाबल्याबरोबर पाठवलं जातं, आणि दोन कळांमधल्या वेळेवरून काय टाइप केलं असावं याचा अंदाज बांधता येतो, हे संशोधकांनी २००१ मध्येच दाखवलं होतं. ओपनएसएसएच या एसएसएचच्या प्रचलित प्रोग्रॅमने २०२३ च्या ९.५ आवृत्तीत यावर तोड काढली: थोडंसं टाइप करत असाल तेव्हा पुडकी ठरावीक वेळानेच सोडायची आणि मधे खोटी पुडकीही मिसळायची. हात थबकला की घाई झाली, ते बाहेरून कळू नये.

थोडा इतिहास. एसएसएच १९९५ मध्ये फिनलंडमध्ये जन्मलं. तिथल्या हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी पासवर्ड टिपून घेतले, आणि तातू युलोनेन या संशोधकाने वैतागून नवा प्रोटोकॉल लिहून काढला. तोवर टेलनेट चाले, त्यात पासवर्ड उघडावाघडा जाई. टेलनेटचं पोर्ट २३, एफटीपीचं २१, मधलं २२ मोकळं होतं, ते त्याने मागितलं आणि मिळालं. आज सगळीकडे वापरलं जाणारं ओपनएसएसएच १९९९ मध्ये ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या मंडळींनी आणलं. आपल्या बोगद्याची गोष्ट मात्र बरीच वर्षं जुगाडाची होती. देवडीवर नेटकॅट नावाचा छोटा प्रोग्रॅम चालवायचा आणि त्याच्यातून नळी काढायची. एखाद्या देवडीवर नेटकॅट नसायचाच, मग बसा. २०१० मध्ये ५.४ आवृत्तीत ‘डब्ल्यू’ हा पर्याय आला आणि नेटकॅटची गरज संपली. २०१६ मध्ये ७.३ आवृत्तीत ‘प्रॉक्सीजंप’ आलं, आणि चार वाक्यांचं काम एका शब्दावर आलं.

आता आज्ञा अशी असते (इथे देवनागरीत लिहितोय, टाइप अर्थातच रोमनमध्ये करायची):

एसएसएच -जे देवडी १०.२०.३.१५

‘जे’ मोठ्या लिपीतला, म्हणजे कॅपिटल. दोन देवड्या ओलांडायच्या असतील तर नावांमध्ये स्वल्पविराम द्यायचा. पण रोजच्या कामाला हेही टाइप करू नये. होम डिरेक्टरीत एसएसएचची कॉन्फिग फाइल असते, तिच्यात एकदाच लिहून टाकावं:

होस्ट देवडी
होस्टनेम २०३.०.११३.१०
युजर माझंनाव

होस्ट डेटाबेस
होस्टनेम १०.२०.३.१५
युजर माझंनाव
प्रॉक्सीजंप देवडी

यानंतर नुसतं ‘एसएसएच डेटाबेस’ म्हटलं की थेट आत. फाइली पाठवणारे एससीपी, आरसिंक, गिट, एसएसएचवरून चालताना सगळे हीच फाइल वापरतात, त्यामुळे त्यांनाही वेगळं काही शिकवावं लागत नाही. चालू असताना दुसऱ्या टर्मिनलमध्ये चालू प्रोग्रॅम दाखवणारी पीएस आज्ञा देऊन बघा, तुमच्याच लॅपटॉपवर एसएसएच दोनदा चाललेला दिसेल. एक देवडीपर्यंत नळी टाकून बसलेला, दुसरा त्या नळीतून बोलणारा. प्रॉक्सीजंपची सगळी जादू एवढीच.

हे दोन वेगळे एसएसएच आहेत हे एकदा डोक्यात बसलं की पुढचे बरेच गोंधळ आपोआप सुटतात. उदाहरणार्थ, ‘-आय’ लावून अमुक किल्ली वापर असं सांगितलं आणि तरी देवडी म्हणते ‘परमिशन डिनाइड’. कारण आज्ञेत दिलेले पर्याय शेवटच्या मशीनला लागू होतात, मधल्या देवडीला नाही. देवडीची किल्ली कॉन्फिग फाइलमध्येच सांगावी लागते. किंवा, ‘डेटाबेस’च्या होस्टनेममध्ये आकड्यांऐवजी आतलं नाव लिहिलंत आणि तुमच्या लॅपटॉपला ते नाव ठाऊकच नाही, तरी कनेक्शन लागतं. कारण ते नाव देवडी शोधते, लॅपटॉप नाही. आणि पहिल्यांदा आत जाताना ‘या मशीनची ओळख पटत नाही, पुढे जायचं का?’ असा प्रश्न दोनदा येतो, एकदा देवडीसाठी, एकदा सर्व्हरसाठी. डोळे झाकून ‘येस’ म्हणू नका. दुसऱ्या प्रश्नातच तर खरी मेख आहे. देवडी बदमाश निघाली आणि तिने तुमची तार डेटाबेसऐवजी भलत्याच मशीनला जोडली, तर ते पकडायची जागा हीच. आतल्या सर्व्हरचा फिंगरप्रिंट, म्हणजे त्याच्या किल्लीची छोटी ओळखखूण, आधीच कुणाकडून तरी मागून घ्यावा आणि ताडून पाहावा.

एक संदेश तर मी इतक्यांदा पाहिलाय की आता त्याच्याशी ओळख झालीय: ‘कनेक्शन क्लोज्ड बाय अननोन पोर्ट ६५५३५’. नवखा माणूस हे वाचून फायरवॉलमध्ये पोर्ट ६५५३५ शोधत बसतो. मीही बसलो होतो, अर्धा दिवस. या जोडणीत ते पोर्ट वापरलेलंच नसतं. दुसरा एसएसएच नेटवर्कशी नाही, पहिल्याने दिलेल्या नळीशी बोलत असतो. नळीला ना पत्ता ना पोर्ट. मग पत्त्याच्या जागी ‘अननोन’ आणि पोर्टच्या जागी १६ बिटांत मावणारा सगळ्यात मोठा आकडा छापला जातो. अर्थ एवढाच की नळी मधेच तुटली. खरं कारण त्याच्या वरच्या ओळीत असतं. ‘अॅडमिनिस्ट्रेटिव्हली प्रोहिबिटेड’ दिसलं तर देवडीच्या व्यवस्थापकाने तारा जोडायला बंदी केलीय. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ असेल तर देवडी ठीक आहे, बहुधा आतल्या मशीनवरच एसएसएच चालू नाही.

इथे एजंट फॉरवर्डिंगबद्दल बोललं पाहिजे, कारण अजूनही अनेक जण बोगद्याऐवजी तेच वापरतात. त्यात खाजगी किल्ली लॅपटॉपवरच राहते, पण देवडीवर एक खिडकी उघडते, आणि तिच्यातून देवडीवरचा एसएसएच तुमच्या किल्लीकडून सही मागू शकतो. ऐकायला सुरक्षित वाटतं. पण देवडीवरच्या रूटलाही ती खिडकी वापरता येते. तुम्ही लॉगिन आहात तोवर तो तुमच्या नावाने, तुमची किल्ली चालते त्या कुठल्याही सर्व्हरवर जाऊ शकतो. २०१९ च्या एप्रिलमध्ये मॅट्रिक्स डॉट ऑर्ग या मेसेजिंग प्रकल्पाच्या सर्व्हरवरची घुसखोरी उघडकीला आली, तेव्हा नेमकं हेच झालं होतं. शिरकाव जुन्या, दुरुस्त न केलेल्या जेनकिन्स या सॉफ्टवेअर बांधणीच्या सर्व्हरमधून झाला, आणि पुढे सरकायला फॉरवर्ड केलेला एजंट कामी आला. ओपनएसएसएचची स्वतःची माहितीपुस्तिकाही या पर्यायाखाली सावध करते आणि त्याऐवजी जंप होस्ट वापरा असं सुचवते. सवय म्हणून ‘-ए’ (हाच एजंट फॉरवर्डिंगचा पर्याय, कॅपिटल) लावत असाल तर आजच सोडा.

देवडी सांभाळणाऱ्याच्या बाजूने बघितलं तर बोगद्याचा एक मोठा फायदा असा की देवडीवर कुणाला टर्मिनल द्यायचीच गरज उरत नाही. खात्याचा शेल (आज्ञा घेणारा प्रोग्रॅम) ‘नोलॉगिन’ म्हणजे बंद केला तरी तार जोडता येते, कारण त्यासाठी शेल लागतच नाही. ‘परमिटओपन’ने ठरवता येतं की कुठल्या पत्त्याच्या कुठल्या पोर्टपर्यंतच जोडणी करायची. पासवर्ड बंद, फक्त किल्ल्या, वर आणखी ओटीपी. अशा देवडीवर घुसखोर पोचलाच तरी त्याच्या हाताला फारसं काही लागत नाही.

पण काही संस्थांना नेमकं उलटं हवं असतं. कुणी आत जाऊन कुठली आज्ञा दिली याची नोंद, अगदी पडद्याचं रेकॉर्डिंगसुद्धा, त्यांना ठेवायचं असतं. बोगद्यात ते शक्य नाही, देवडीला काही वाचताच येत नाही. म्हणून ते कुलूप मुद्दाम देवडीवर उघडतात. हिशोब ठेवायला हे बरं, पण मग ती देवडी संस्थेतली सगळ्यात जोखमीची मशीन होते, हे मान्य करूनच पुढे जावं. तिथे काम करत असाल तर आपलं टर्मिनल कुणीतरी वाचतंय असं समजूनच टाइप करा.

वेगाची शंका नेहमी येते. दोनदा कुलूप लावल्याने फार फरक पडत नाही, आजच्या प्रोसेसरला ते जाणवतही नाही. जाणवतो तो वळसा. तुम्ही पुण्यात, सर्व्हर मुंबईत आणि देवडी जर्मनीत असेल, तर प्रत्येक अक्षर आधी युरोपला जाऊन मुंबईला येतं आणि तसंच परत जातं. देवडी सर्व्हरच्या शेजारी ठेवा, संपलं.

शेवटची एक गंमत, तेव्हा मुळीच गंमत वाटली नव्हती. बोगद्यातून कुणीही गेलं तरी आतल्या सर्व्हरला पाहुणा देवडीच्या पत्त्यावरून आलेला दिसतो. किल्ली कुणाची ते कळतं, पण पत्ता सगळ्यांचा एकच. आमच्या डेटाबेस सर्व्हरवर फेलटूबॅन बसवलेला होता. एकाच पत्त्यावरून दहा मिनिटांत पाच वेळा चुकीचं लॉगिन झालं की तो पत्ता दहा मिनिटं बंद, ही त्याची मूळ सेटिंग. एका शुक्रवारी संध्याकाळी आमच्यातल्या एकाने नवा लॅपटॉप घेतला, जुनी किल्ली आणायला विसरला, आणि पासवर्ड आठवून-आठवून पाच वेळा चुकला. फेलटूबॅनने चोख काम केलं: देवडीचा पत्ता बंद. म्हणजे आम्ही अकराही जण बाहेर. दहा मिनिटांत उघडेल म्हणून चहाला गेलो. परत आलो तरी बंदच. कुणीतरी कधीतरी ती दहा मिनिटांची मुदत वाढवून चोवीस तास करून ठेवली होती. कुणी ते अजून कबूल केलेलं नाही. शेवटी क्लाउडच्या वेब कन्सोलमधून मागच्या दाराने शिरून देवडीचा पत्ता वगळण्याच्या यादीत टाकला, तेव्हा रात्रीचे साडेनऊ झाले होते.